पायरीवरचे बाबा

अलिबागला समुद्राच्या वाटेवर एका छोट्या लॉजचा काउंटर मी सांभाळतो. शनिवार-रविवार म्हणजे आमची आषाढी. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो येते, तेव्हापासून तर विचारू नका.

गेल्या डिसेंबरात एक म्हातारे बाबा पंधरा दिवस आमच्या पायरीवर झोपत होते. खरं सांगायचं तर रोज पहाटे मीच पायरीवर पाइप सोडायचो. पायरी काही रोज धुण्याइतकी घाण होत नाही. पाइप कशासाठी ते बाबांनाही कळायचं. गोणपाट उचलून निमूट वाळूत जायचे.

पाहुणे आपापल्या परीने चांगलेच वागत. कुणी दहाची नोट ठेवायचं, कुणी रात्रीची उरलेली मटण बिर्याणी, नळ्यांसकट. बाबांच्या तोंडात चार दातही नव्हते. एका टोळक्याने त्यांना बिअर पाजून व्हिडिओ काढला. मी बघत होतो. गिऱ्हाईक म्हणून बोललो नाही.

त्या शनिवारी दुपारी ओहोटी होती. सोलापूरचं एक कुटुंब कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाऊन आलं. त्यातल्या ताई पायाची वाळू झटकायला पायरीवर टेकल्या, तेवढ्यात बाबा काहीतरी पुटपुटले. ताई एकदम वळल्या. "तात, मी ऊरु एदी?"

मला त्यातला फक्त 'मी' कळला, तोही चुकीचा. तेलुगूत त्याचा अर्थ 'तुमचं'. आजोबा, तुमचं गाव कुठलं, एवढंच विचारलं होतं. सोलापुरात पद्मशाली घरांतून पिढ्यान्‌पिढ्या तेलुगू बोलतात, ताई त्यांतल्याच. मी मात्र पंधरा दिवस बाबांना वेडं समजत होतो, कारण ते 'काहीतरीच' बडबडायचे.

बाबा बोलायला लागले ते थांबेनात. गावाचं नाव एकदा एक, एकदा दुसरं. मुलाचं नाव मात्र दर वेळी तेच. पैसे नकोच होते त्यांना. गोणपाटात नोटांचा ओला लगदा तसाच पडलेला. पायाला काहीतरी लावा, म्हणत होते. तेव्हा कुठे मी पाय नीट पाहिला. टाचेची भेग बोट जाईल एवढी, आत काळी वाळू घट्ट बसलेली, कडा पाण्याने पांढऱ्याफट्ट. माझं पाइपचं पाणी रोज त्यावरूनच जात होतं.

११२ ला फोन केला. पोलीस आले, बाबांना सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, मानसिक आजारी वाटणारा माणूस असा भटकताना सापडला, तर पोलिसांनी २४ तासांच्या आत त्याला सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचं असतं, कोठडीत ठेवायचं नसतं. २०१७ चा कायदाच आहे तसा. रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोचवणारी डॉ. भरत वाटवानींची संस्थाही आमच्याच जिल्ह्यात, कर्जतला आहे. त्यांना २०१८ साली मॅगसेसे मिळालं, ते मी पेपरात वाचलंही होतं. वाचून पेपर रद्दीत.

ताई दुभाषी म्हणून रात्री आठपर्यंत दवाखान्यात बसून होत्या. त्यांचे यजमान आधी कुरकुरले, मग सगळ्यांना चहा घेऊन आले.

हल्ली पाहुण्यांना मी चेक-इनलाच सांगतो. द्यायच्या आधी विचारा. मोबाइल खिशात ठेवा. जखम दिसली, माणूस भानावर नसला तर ११२. एकटं पोर दिसलं तर १०९८. काही जण ऐकतात, काहींना वायफायचा पासवर्ड हवा असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चार नंबरचे साहेब बिस्किटांचा पुडा घेऊन खाली आले. "बाबा कुठायत?"

"दवाखान्यात."

"बरं, मग दुसऱ्या कुणाला तरी द्या," म्हणाले, आणि पुडा काउंटरवर ठेवून बीचवर गेले.