तुम्ही विचारलंत म्हणून: "मॅडम, हे सरकारी दवाखान्यात का नाही होत?"

परवा विटाव्यात एका घरी सेशन संपवून चपला घालत होते तर पेशंटचा मुलगा जिन्यापर्यंत आला आणि म्हणाला, मॅडम राग मानू नका, पण तुम्ही बाबांना जे करून घेता ते सरकारी दवाखान्यात का नाही होत? राग कसला यायचा. मी फिजिओथेरपिस्ट आहे, कळवा, विटावा, दिघा, ऐरोली या ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात घरी जाऊन पेशंट बघते, एका व्हिजिटचे ५०० घेते, आणि दिवसाआड गेलं तरी महिन्याचे साडेसात हजार होतात हे मला पण कळतं. बारा वर्षांत हा प्रश्न विचारला नाही असं घर सापडायचं नाही. जिन्यात उभं राहून दोन मिनिटांत सांगण्यासारखं ते नाही, म्हणून "होतं हो थोडंफार, पण लांब पडतं" एवढंच बोलून मी निघते आणि मग रिक्षात बसल्यावर वाईट वाटत राहतं. आज नीट लिहिते.

आधी शब्दाचंच बघा. आमच्या कामाला सरकारी मराठीत पुनर्वसन म्हणतात. आता ठाण्यात पुनर्वसन म्हटलं की एसआरएची, म्हणजे झोपड्या पाडून बांधतात ती बिल्डिंग आठवते, नवी मुंबईत म्हटलं की प्रकल्पग्रस्त आणि गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणारा साडेबारा टक्क्यांचा प्लॉट. दिघ्यात एका आजोबांना मी म्हटलं की उद्यापासून तुमचं पुनर्वसन सुरू करू, तर त्यांचा चेहराच पडला, म्हणाले बाई आमची खोली पाडणार आहेत का. त्या दिवसापासून मी घरात हा शब्द वापरत नाही. पण माणूस आजारातून उठला की त्याला परत उभं करायचं, संडासला स्वतः जाता यावं, हाताने घास तोंडात नेता यावा, कामावर जाता यावं, हे पण उपचारातच येतं याला आपल्या बोलण्यात शब्दच नसेल तर लोक ते मागणार कसं?

मी एका काकांचं सांगते. कळव्याच्या डोंगरावर राहतात, वॉचमनची नोकरी, वय ५४. सकाळी पॅरॅलिसिसचा अटॅक आला, उजवी बाजू गेली. एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात आठ दिवस ठेवलं, आणि जीव वाचवला तिथल्या डॉक्टरांनी, याबद्दल माझ्या मनात काही किंतू नाही. मग डिस्चार्ज. कागदावर सहा गोळ्या, त्या कधी घ्यायच्या ते सगळं व्यवस्थित लिहिलेलं आणि सगळ्यात खाली एक ओळ, फिजिओथेरपी. कुठे, कधीपासून, किती दिवस, काही नाही. घरच्यांना वाटलं आधी थोडी ताकद येऊ दे मग बघू. मालिशवाला आला, तेल आणलं, सहा आठवडे गेले, आणि मग शेजारच्या एका वहिनींनी माझा नंबर दिला.

मी गेले तेव्हा काकांची मूठ आवळलेली, टाच जमिनीला टेकत नव्हती, आणि उजव्या खांद्यात हाड आणि वाटी यांच्यामध्ये माझं बोट जाईल एवढी फट पडलेली. काकू त्यांना उठवायच्या कशा तर त्याच हाताला धरून, ओढून. दिवसातून सात-आठ वेळा. लुळ्या पडलेल्या खांद्याला धरून ठेवणारे स्नायू कामच करत नसतात हो, उरतात फक्त कातडी आणि हाडं बांधणाऱ्या दोऱ्या, मग तो खाली सरकतो आणि इतका दुखतो की पेशंट व्यायामच करू देत नाही. काकूंना कोणी सांगितलंच नव्हतं. मी त्यांना दाखवलं, आधी त्यांना पलंगाच्या कडेला आणा, दोन्ही पावलं जमिनीवर सपाट, मग पुढे वाकवा, नाक पायाच्या बोटांच्या पुढे गेलं की माणूस आपोआप वर येतो, तुम्ही कमरेला धरा, हाताला नाही. काका पहिल्याच दिवशी उठले. काकू दाराला टेकून रडायला लागल्या, आणि रडता रडता म्हणाल्या की ताई एवढंच होतं का, एवढंच होतं तर सहा आठवडे मी त्यांचा हात का ओढला. त्यांना काय सांगू? मी गप्प बसले. हे दाखवायला मला दहा मिनिटं लागली होती आणि एकही मशीन लागलं नव्हतं.

पॅरॅलिसिसनंतर पहिले तीन महिने मेंदू सगळ्यात भराभर परत शिकतो. नंतर सुधारणा होतच नाही असं नाही, होते, वर्षानंतरही होते, पण वेग राहत नाही. त्यातले सहा आठवडे असे गेले.

मग प्रश्न येतो की सरकारी दवाखान्यात का नाही. होतं, असं नाही की होत नाही. मोठ्या सरकारी हॉस्पिटलांत फिजिओथेरपीचा विभाग असतो आणि तिथली माझ्यासारखीच माणसं दिवसभर उभी राहून पेशंटची लाईन संपवत असतात. पण काकांनी तिथे रोज जायचं म्हणजे काय ते बघा, डोंगरावरून प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून दोन पोरांनी खाली उतरवायचं, रिक्षा, लाईन, वीस मिनिटांचा व्यायाम, परत रिक्षा, परत दोन पोरं शोधायची. काकू चार घरची धुणीभांडी करतात, त्या दिवशीचा खाडा. तिसऱ्या खेपेला माणूस सुटतोच. सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत ऍडमिट असतानाचा खर्च बसतो, नंतर थोड्या दिवसांचं फॉलोअप बसतं, तीन महिन्यांचा व्यायाम काही बसत नाही.

आणि खरी अडचण याच्या वरची आहे, ती खात्यांची. आपल्याकडे आजार आरोग्य खात्याकडे आणि अपंगत्व दुसऱ्या खात्याकडे अशी वाटणी आहे. केंद्रात दिव्यांगांचा विभाग सामाजिक न्याय मंत्रालयात येतो, साहित्य वाटपाची योजना, जिल्हा पुनर्वसन केंद्रं, यूडीआयडी कार्ड म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, सगळं तिथून. महाराष्ट्राने २०२२ च्या डिसेंबरमध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग केला, आणि ते चांगलंच झालं, पेन्शन, नोकरी, शाळा, रॅम्प यांच्यासाठी भांडायला एक दार झालं. पण काकांचं काय? कार्ड निघेपर्यंत ते दिव्यांग खात्याचे नाहीत आणि डिस्चार्ज झाला की आरोग्य खात्याचे नाहीत. मधले जे महिने आहेत, ज्यात सगळं ठरतं, त्यात ते कोणाचेच नाहीत. बरं किती टक्के अपंगत्व ते मोजायला सरकारी हॉस्पिटलचेच डॉक्टर बसतात. म्हणजे मोजमाप आरोग्याकडे, पण ते टक्के कमी कसे होतील ते बघायला कोणी नाही.

पोलिओचं उदाहरण मला नेहमी आठवतं. घरोघरी जाऊन दोन थेंब पाजून आपण पोलिओ घालवला, शेवटची केस जानेवारी २०११ मधली, हावड्याची, आणि २०१४ ला प्रमाणपत्र मिळालं. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पण ज्यांना आधीच झाला होता ती माणसं आज चाळीस-पन्नास वर्षांची आहेत, लोकलच्या अपंगांच्या डब्यात रोज दिसतात, आता त्यांचे चांगले स्नायूसुद्धा दमायला लागलेत, खांदे गेलेत, कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणाऱ्या पट्ट्या-सळ्या, झिजलेत. माझ्या एका पेशंट ताईंचा कॅलिपर मोडला की त्या कळव्याहून दादर, तिथून गाडी बदलून महालक्ष्मी आणि मग हाजी अलीच्या केंद्र सरकारच्या संस्थेत जातात. १९५५ पासूनची संस्था आहे, काम उत्तम आहे, पण पट्टा बदलायला अख्खा दिवस जातो. थेंब घेऊन दारात येणारी व्यवस्था पट्ट्यासाठी दारात येऊ शकत नाही असं मला वाटत नाही.

कायदा नाही असंही नाही. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्याने अपंगत्वाचे ७ प्रकार होते ते २१ केले. त्याच्या २७ व्या कलमात सरकारने आणि स्थानिक संस्थांनी, म्हणजे आपल्या महापालिकांनीसुद्धा, पुनर्वसनाच्या सेवा द्याव्यात असं लिहिलंय, आणि त्यात आरोग्याचा उल्लेख आहे. पण सोबत "आपापल्या आर्थिक कुवतीत" अशा अर्थाचा एक तुकडा आहे आणि सगळं त्या तुकड्यात अडकतं. मनात आणलं तर होतं हे वाशीला दिसतं, नवी मुंबई महापालिकेचं ईटीसी केंद्र आहे, दिव्यांग मुलांचं शिक्षण, प्रशिक्षण, थेरपी एका छताखाली. मी तिथे पालकांना पाठवते. आणि लहान मुलांसाठी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमसुद्धा आहे, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी, विकासात मागे असतील तर जिल्ह्याच्या केंद्रात लवकर थेरपी, आणि तो आरोग्य खात्याचाच. म्हणजे मुलांसाठी आरोग्य खात्याने हे काम आपलं मानलंय. अठरा पूर्ण झाली की मात्र कोणी विचारत नाही.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगात सुमारे २४० कोटी लोकांना, म्हणजे दर तिघांत एकाला, अशा सेवेचा उपयोग होईल. यात फक्त दिव्यांग नाहीत, गुडघ्याचं ऑपरेशन झालेले, दमा असलेले, कॅन्सरमधून उठलेले, पडून खुबा मोडलेल्या आज्या, सगळे. आणि काही गरीब देशांत दहा लाख लोकांमागे हे काम शिकलेली १० सुद्धा माणसं नाहीत. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य सभेत यावर ठराव झाला की हे काम आरोग्य व्यवस्थेच्या आतच, अगदी प्राथमिक दवाखान्यापर्यंत, घ्या. मी तो ठराव मोबाईलवर वाचत होते ऐरोली स्टेशनला आणि माझी गाडी गेली.

आता म्हणाल करायचं काय. मला तर एकच गोष्ट दिसते आणि ती आपल्याकडे आधीपासून चालू आहे. बाळ हॉस्पिटलात जन्मलं की आशाताई त्याच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात. बाळाचं वजन, ताप, अंगावर पिणं बघतात, गडबड वाटली तर पाठवतात. हेच सहा दिवस पॅरॅलिसिसच्या, खुब्याच्या, मणक्याच्या पेशंटला का नकोत? तिसऱ्या दिवशी कोणीतरी जाऊन एवढंच बघायचं की हाताला धरून उठवत नाहीत ना, कूस बदलतात ना, पाठीला जखम नाही ना, पाणी पिताना ठसका लागत नाही ना. आशाताईंच्या डोक्यावर आधीच कामाचा डोंगर आहे, त्याचा वेगळा मोबदला द्यायलाच पाहिजे, फुकट नको. आणि महापालिकेच्या जवळच्या आरोग्य केंद्रात आठवड्यातून दोन दिवस एक फिजिओ बसवा, तिला एक रुंद पलंग, एक आरसा, धरून चालायला दोन दांडे आणि तीन पायऱ्यांचा लाकडी जिना द्या, बास. महिन्याला दहा-बारा घरी ती स्वतः जाईल. डिस्चार्जच्या कागदावर त्या केंद्राचं नाव आणि तारीख लिहून द्या. माझं काम कमी होईल म्हणता? होऊ दे ना.

व्हीलचेअर वाटपाच्या शिबिरांबद्दल पण एक सांगते, कारण ते पण विचारतात. शिबिरवाल्यांची नियत चांगली असते, पण खुर्ची माणसाच्या मापाची लागते आणि घराच्याही. मी टेप घेऊन फिरते. कळव्यातल्या एका खोलीत मोरीचं दार बावीस इंच भरलं आणि मिळालेली खुर्ची पंचवीस. ती खुर्ची घडी करून गॅलरीत उभी आहे आणि त्या मुलाला त्याची आई अजून उचलून नेते. खुर्ची देण्याआधी कोणी एकदा घर बघायला आलं असतं तर कमोडची चाकाची खुर्ची दिली असती, ती बसते आत.

काकांचं विचाराल तर त्यांचा खांदा थोडा भरून आलाय, मूठ अजून पूर्ण उघडत नाही. घरापासून रस्त्यापर्यंत सेहेचाळीस पायऱ्या आहेत आणि काका आता एकोणीस उतरतात, तिथे कठड्यावर बसतात आणि परत येतात. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, हे ते मोठ्याने म्हणत उतरतात आणि काकू त्यांच्या खालच्या पायरीवर, तोंड त्यांच्याकडे करून. गेल्या आठवड्यात त्या गल्लीतल्या आशाताई तिथून जाता जाता थांबल्या, सगळं बघितलं, आणि पिशवीतून डायरी काढून मला म्हणाल्या, ते पायाचं परत एकदा सांगा, आधी कुठला. मी सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं, उठवताना हात ओढायचा नाही हे पण लिहून घेतलं. मग म्हणाल्या वरच्या गल्लीत असे अजून दोघं आहेत, एक बाई तर दिवाळीपासून पलंगावरच आहे, तुम्ही कधी येता. रविवारी सकाळी नऊला त्या मला पाण्याच्या टाकीपाशी भेटणार आहेत.