चेपलेली वाटी आणि मुंशीजींचा तयार मजकूर

इंदूरात चेन खेचल्याचा रिपोर्ट कसा लिहितात ते मी झोपेतही सांगीन. "दो अज्ञात बदमाश काली मोटरसायकल से आये और झपट्टा मारकर भाग गये." ठाण्यात रिपोर्ट टाइप करणाऱ्या मुंशीजींच्या कम्प्युटरात हे तयारच असतं, नाव-पत्ता-वेळ बदलली की झालं. त्यांना तरी किती बोलायचं, समोर रांग, वरून सणाचा बंदोबस्त.

तर नवरात्रातली संध्याकाळ, रामबागेकडच्या एक आजी सुनेबरोबर ठाण्यात आल्या, मंगळसूत्र खेचलं म्हणून. माझ्या नेमप्लेटवरचं आडनाव वाचलं आणि सरळ मराठीत सुरू, "अगं बाळा, एकटाच होता मेला." इकडे मुंशीजींचे 'दो अज्ञात' टाइप होऊनही गेलेले. मी म्हटलं थांबा, पहिले यांचं पूर्ण ऐकू.

एकटा पोरगा, पांढरी स्कूटर, तोंडाला रुमाल. पत्ता विचारायला थांबला, गाडी चालूच, उजवा हात अ‍ॅक्सिलरेटरवर, म्हणून डाव्या हाताने खेचलं. आता तो तयार मजकूर तसाच गेला असता तर कॅमेऱ्यांचं फुटेज बघणारा आमचा शिपाई रात्रभर दोन जणांची काळी बाइकच शोधत बसला असता ना!

मग मानेकडे लक्ष गेलं. आजींनी पदर घट्ट लपेटलेला, सून म्हणाली थोडं खरचटलंय, राहू द्या. राहू द्या कसं? नुसती स्नॅचिंग असली तर बीएनएस, म्हणजे नव्या भारतीय न्याय संहितेचं कलम ३०४, जास्तीत जास्त तीन वर्षं (जुन्या आयपीसीत तर याचं वेगळं कलमच नव्हतं), पण चोरी करण्यासाठी मुद्दाम दुखापत केली असं ठरलं तर लूट, म्हणजे ३०९, दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेपसुद्धा. एवढा फरक एका ओरखड्याने पडतो. मानेच्या कोणत्या बाजूला, केवढा, सगळं लिहिलं आणि आजींना मेडिकलला एमवाय हॉस्पिटलला पाठवलं.

मंगळसूत्राचं वर्णन मात्र लांबलं. मुंशीजी म्हणाले, "मॅडम, एक सोने का मंगलसूत्र, बस ना?" अहो, तसे गावात लाखो असतील. आपलं दोन वाट्यांचं, त्यात एक वाटी काठाला चेपलेली, नातवाने लहानपणी दातात धरलेली. मागच्या बाजूला दोरा गुंडाळलेला. आजी सांगतायत, मी हिंदीत सांगतेय, मुंशीजी उसासे टाकत टाइप करतायत. शेवटी सगळं वाचून दाखवलं, आजींची सही घेतली, कॉपी फुकट दिली, ती तर कायद्यानेच द्यायची असते, बीएनएसएस म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३.

पोरगा स्कूटरच्या नंबरावरून सापडला, माल एका सोनाराकडे निघाला. शिनाख्तीला, म्हणजे माल ओळखायला लावतात तेव्हा, तसेच दोन वाट्यांचे दागिने मिसळायला लागतात, ते सराफ्यातून मागून आणता आणता आमचा जीव गेला. आजींनी एकेक उलटं करून बोटाने काठ चाचपला आणि आपलं उचललं. फक्त जप्ती पंचनाम्यात 'पीली धातु' वाचून भडकल्या, "पिवळा धातू काय, बावीस कॅरेट आहे ते!" आता सराफाने तपासल्याशिवाय आम्ही जप्तीत सोनं लिहीत नाही हे त्यांना कोण समजावणार, मी चहा मागवला.

कोर्टात बचावाच्या वकिलांनी विचारलंच, वाटी चेपल्याचं तुम्हाला पोलिसांनी नंतर सांगितलं ना? सरकारी वकिलांनी एफआयआरचा कागद पुढे केला, त्याच रात्रीचा, माल सापडायच्या कितीतरी आधीचा. वकीलसाहेब पुढच्या प्रश्नाकडे वळले.

केस अजून चालू आहे. मंगळसूत्र सुपुर्दगीवर, म्हणजे निकालापर्यंत सांभाळायला, आजींकडे दिलंय, विकायचं नाही, बदलायचं नाही, कोर्ट म्हणेल तेव्हा हजर करायचं. परवा सुनेचा फोन आला, दिवाळीच्या आधी आईंना ती वाटी सोनाराकडून नीट करून घ्यायचीय, चालेल का? म्हटलं अजिबात नाही, हातही लावू नका तिला.