तुम्ही विचारलंत म्हणून: या वयात स्पर्धेत कशाला?

तलावावर, लग्नात, बँकेच्या रांगेत, सगळीकडे एकच प्रश्न. "व्यायामासाठी पोहायलीस तर पोह की. स्पर्धा कशाला करायलीस आता?" जाऊबाई विचारतात तेव्हा त्यात काळजी असते. बाकीच्यांचा सूर मला कळतो. शेहेचाळीस वर्षांची बाई, स्विमसूट, शिट्टी, स्टार्टिंग ब्लॉक. आजवर मी हसून "आवड आहे" म्हणत आले. ते उत्तर अपुरं आहे.

आधी पाण्याचं बोलते, कारण लातूरकर ते काढतातच, आणि काढावंच. 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली तेव्हा मी स्टेशनवर होते. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी यायला लागली, पंचवीस लाख लिटरची. पन्नास मीटर लांब, पंचवीस मीटर रुंद, दोन मीटर खोल तलावात बरोबर तेवढंच पाणी मावतं. एक तलाव म्हणजे एक अख्खी गाडी. हा हिशोब मी तेव्हाच केला होता आणि अजून दर उन्हाळ्यात तो मनात येतो. तलावाचं पाणी गाळून पुन्हा वापरतात, हे मी सांगते. खरंही आहे. पण त्या वर्षी कोणी पोहलं असतं तर मीच भांडायला गेले असते.

आता मूळ प्रश्न. माझं पोहणं दहावीमुळे सुटलं, असं मी तीस वर्षं सांगत आले. आपल्याकडे यावर कोणी उलटून विचारत नाही. लातूर पॅटर्नच्या गावात दहावीला खेळ सुटणं म्हणजे रीतच. आईवडिलांनी बंद केलं, असंही मी काही ठिकाणी सांगितलंय. ते साफ खोटं आहे. अण्णांनी तर मला पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकवलं होतं. दहावीतही ते म्हणाले होते, सकाळचा एक तास जात जा.

झालं ते असं. 1994, पुणे, राज्य स्पर्धा, 100 मीटर ब्रेस्टस्ट्रोक. मी पंधरा वर्षांची. ब्रेस्टस्ट्रोकला वळताना आणि संपवताना दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागावे लागतात. पन्नास मीटरला मी घाईत वळले. उजवा हात टेकला आणि डावा लागायच्या आतच मी फिरले. मला ते पाण्यातच कळलं. तळहाताला फरशी लागलीच नाही, हे ज्याचा हात आहे त्याला कळतंच. तरी जीव तोडून पोहले आणि दुसरी आले. मग माझ्या लेनच्या टर्न जजने नोंदवलेली चूक जाहीर झाली. मी बाद.

आम्हाला पोहणं शिकवणारे सर धावत आले. माझ्या खांद्यावर टॉवेल टाकून त्यांनी एकच विचारलं, "दोन्ही हात लागले का?"

मी म्हणाले, "लागले, सर."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. तक्रार अर्ध्या तासाच्या आत, लेखी, पैसे भरून करावी लागते. फेटाळली तर पैसे जातात. सरांनी परतीच्या भाड्याच्या पाकिटातून नोटा काढल्या. टेबलापाशी उभे राहून ते पंचांना सांगत होते, "माझी पोरगी खोटं बोलत नाही." मी चार हातांवर उभी होते. ऐकत होते. तेव्हा एक पाऊल पुढे टाकायला हवं होतं. टाकलं नाही.

तक्रार फेटाळली. रात्री शिवाजीनगर स्टँडवर सरांनी आम्हा चौघींना वडापाव घेऊन दिले आणि स्वतः नुसता चहा घेतला. "पुढच्या वर्षी बघू," एवढंच म्हणाले. मी पुन्हा तलावावर गेलेच नाही.

पंधरा वर्षांचं पोर ते, भ्यायलं असेल, असं मी स्वतःला समजावते. पण चूक झाकायला दहावीचं कारण तिने किती पटकन शोधलं, हेही मला आठवतं. भ्यालेलं पोर इतकं व्यवस्थित वागतं का?

मास्टर्समध्ये, म्हणजे मोठ्या वयाच्यांच्या स्पर्धांमध्ये, पंचविशीपासून पुढे पाच-पाच वर्षांचे गट असतात. मी 45 ते 49 मध्ये. पहिल्या स्पर्धेत शेवटून दुसरी आले. पदकासाठी जाते असं समजणाऱ्यांना एवढं पुरे. नुसतं पोहताना कोणी तुमचे हात बघत नाही. स्पर्धेत भिंतीपाशी एक माणूस फक्त तेवढंच बघायला उभा असतो. मी त्याच्यासाठी जाते. वळताना दोन्ही तळवे इतक्या जोरात आपटले होते की करंगळीचं नख फाटलं. वर बघितलं, तर टर्न जज बाई शांत उभ्या होत्या.

याने काही फिटतं का? गेल्या वर्षी वाटलं होतं, फिटतं. आता तसं वाटत नाही. मग का जाता, असं तुम्ही पुन्हा विचाराल. विचारा. माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही.

सर आता ऐंशीच्या पुढे आहेत, उदगीरला मुलाकडे असतात. गेल्या दिवाळीत मी फराळाचा डबा घेऊन त्यांच्याकडे निघाले होते. नळेगावला चहाला थांबले आणि तिथूनच गाडी परत वळवली.