तुम्ही विचारलंत म्हणून : पहिली सिंगल माल्ट कोणती घ्यावी?

नागपूरचे भाचे, तालुक्याचे मित्र, गावातला नुकता नोकरीला लागलेला एखादा पोरगा, सगळे फिरून फिरून हेच विचारतात : "भाऊ, सिंगल माल्ट प्यायची तर पहिली कोणती घ्यावी? आणि त्यात असते तरी काय एवढं?" तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

माझं उत्तर आहे पॉल जॉन निर्वाणा. गोव्याची व्हिस्की. पॉल जॉनच्या घरच्या माल्टांमध्ये खिशाला हलकी आणि स्वभावानं मोकळी. हलकी म्हणजे सिंगल माल्टच्या मानानं. कापूस वेचायला जाणाऱ्या बाईच्या मजुरीशी तो आकडा ताडून पाहिला तर घोट गळ्याखाली उतरत नाही. म्हणून आमच्याकडे एक बाटली बरेच दिवस चालते.

सिंगल माल्ट म्हणजे एकाच कारखान्यात, फक्त मोड आणून वाळवलेल्या बार्लीपासून, तांब्याच्या भांड्यांत गाळलेली व्हिस्की. आपण जिला 'इंग्लिश' म्हणतो, तिच्यात बहुतेक वेळा साखर कारखान्याच्या मळीचं स्पिरिट असतं. तसं पाहिलं तर मोहाचीही एकाच फुलाची, एकाच भट्टीची. पण ती गाळली की लगेच गिलासात येते आणि माल्टला ओकच्या पिंपात काही वर्षं काढावी लागतात. रंग आणि निम्म्याहून जास्त चव तिथंच येते. अमेरिकेत बर्बनसाठी, म्हणजे तिथल्या मक्याच्या व्हिस्कीसाठी, दर वेळी आतून जाळलेलं कोरं ओकचं पिंपच लागतं, तसा कायदाच आहे. त्यामुळे एकदा वापरलेली पिंपं जगभर विकली जातात. निर्वाणा अशाच पिंपांत मुरते. तिच्यातला व्हॅनिला त्या लाकडाचा.

"मग बारा वर्षांची स्कॉच का नको?" हा पुढचा प्रश्न ठरलेलाच. घ्या की. ग्लेनलिव्हेट १२, ग्लेनफिडिक १२ याही सोप्या आणि सभ्य. पण बारा हा आकडा थंड हवेचा आहे. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के माल उडून जातो, गोव्या-बंगळुरूच्या उकाड्यात त्याच्या कितीतरी पट. उष्णतेनं लाकडाची चवही लवकर उतरते. त्यामुळे आपल्याकडची माल्ट पाच-सहा वर्षांतच तयार होते. जास्त ठेवली तर पिंपात उरणार काय? बाटलीवर वय छापलेलं नाही म्हणून नाक मुरडू नका.

आता चव. आधी नुसता वास घ्या, तोंड जरा उघडं ठेवून. मध येतो, बिस्किट येतं, आणि मार्चमध्ये अंगणात मोहफुलं वाळत घातल्यावर दुपारी जो गोड, किंचित आंबूस दरवळ सुटतो, त्याची ओळखीची झुळूक येते. जिभेवर कॅरामल, जरा संत्र्याची साल, मग बार्लीचा कोरडेपणा. धुराची चव नाही. शेवट लांबत नाही, आणि हीच तिची कमी बाजू. जाणकार तिला साधी म्हणतील. पहिल्या बाटलीनं परीक्षा घेऊ नये, असं माझं मत आहे.

मावसभावाला पाजली तर तो म्हणाला, "हे तं चढूनच नाही रायली ना बे!" त्याला क्वार्टर आणि सोड्याची सवय. त्याला चढण्यापेक्षा वासाचं सांगत बसलो, तोवर त्यानं शेंगदाणे संपवले.

यवतमाळच्या मे महिन्यात हिच्या वाटेला जाऊ नका. ४५ अंशांत गिलासातून नुसता अल्कोहोलचा भपकारा येतो. प्यायचीच असेल तर बर्फाचा एक खडा टाका, पाप नाही. पाणी चमचाभर घाला, पण बोअरचं खारं नको, कॅनचं घ्या. स्टीलचा रुंद गिलास नको, चहाचा छोटा काचेचा चालतो. सावजी रस्सा समोर असेल तर बाटली उघडूच नका, त्या तिखटापुढे सगळ्या व्हिस्क्या सारख्याच. हिवाळ्यात हुरड्यासोबत मात्र घेऊन पाहा. कोवळ्या ज्वारीचा गोडवा आणि माल्टचा गोडवा जुळतात.

आमच्या शेजारी वर्ध्यात आणि तिकडे गडचिरोलीत दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१५ ते २०२१ होती. तेव्हा बाटली कुठून कुठं न्यायची ते पाहून न्या. आणि आपल्या राज्यात यासाठी वयाची २५ वर्षं पूर्ण लागतात, तो नोकरीला लागलेला पोरगा तेवीसचा आहे.

उघडलेली बाटली उभीच ठेवा, टिनाच्या छपराखालच्या फळीवर नको, धान्याच्या कोठीच्या बाजूला गारव्यात. अर्ध्याच्या खाली गेली की हवा लागून चव विरत जाते, मग पाहुणे बोलवा.