लॅमिंग्टन रोडवरचा शनिवार
आज लेकाला घेऊन ग्रँट रोडला उतरलो, लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटर बाजारात जायला. गेमिंग पीसी तयार घ्यायचा की सुटे पार्ट आणून जोडायचा, यावर महिनाभर घरात खल चाललाय. एका दुकानातला तयार पीसी जवळजवळ पसंत पडला होता. झाकण उघडायला लावलं, तर आत १६ जीबीची एकच रॅम आणि एसएमपीएसवर, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, कंपनीचं नावच नाही! ८ जीबीच्या दोन लावल्या की ड्युअल चॅनलमुळे (दोन्ही रॅम एकाच वेळी वापरल्या जातात) गेम जास्त सुरळीत चालतो, हे लेकानेच दुकानदाराला समजावलं. फार कौतुक वाटलं त्याचं.

बिघाड झाला तर एकाच दुकानात जायचं, ही तयार पीसीची सोय मोठी, मान्य. तरी जोडायचंच ठरवलं. मदरबोर्ड एएम५चा (एएमडी कंपनीचे प्रोसेसर बसवायच्या खाचेचा एक प्रकार) घेतला, पुढे नुसता प्रोसेसर बदलता येईल. खोकी मांडीवर घेऊन लोकलने आलो. उद्या सकाळी जोडणी!