स्पेक्ट्रम ४८के: पट्टे गेले, आता पाठीमागे काय लावायचं?

मागच्या नोंदीत मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की मामाने १९८४ साली लंडनहून आणलेला झेडएक्स स्पेक्ट्रम हा सिंक्लेअर कंपनीचा घरगुती संगणक पुन्हा चालू झाला. तो तोरा चार दिवस टिकला. जॉयस्टिकचा इंटरफेस मागच्या एज कनेक्टरवर (बोर्डाच्या कडेची उघडी जोडणी) चढवताना वीज बंद करायचा आळस केला. तो जरा तिरका बसला, आणि 'सिंक्लेअर रिसर्च १९८२'च्या जागी पडद्यावर नुसते उभे पट्टे. चूक शंभर टक्के माझी.

या कनेक्टरवर डेटा आणि अ‍ॅड्रेसच्या रेघांबरोबर १२ आणि उणे ५ व्होल्टही उघडेच आहेत. बाहेरून मिळतात फक्त ९ व्होल्ट (आणि तेही मधली पिन ऋण, हे विसरू नका). पाच व्होल्ट ७८०५ हा रेग्युलेटर देतो. बारा आणि उणे पाच तयार करते ती एक छोटी कॉइल, टीआर४ आणि टीआर५ या दोन ट्रान्झिस्टरांच्या जोरावर. खालच्या १६के मेमरीतल्या आठ ४११६ चिप्सना ही तिन्ही व्होल्टेज लागतात. त्यातलं उणे पाच गेलं आणि बारा राहिलं, तर चिप्सचं काही खरं नाही.

मल्टिमीटर लावला. ४११६ची ९ नंबरची पिन: पाच, ठीक. पिन ८: बाराचा पत्ता नाही. पिन १: शून्य. म्हणजे टीआर४ गेला. त्या जागचा झेडटीएक्स६५० ट्रान्झिस्टर पुण्यात पासोड्या विठोबाजवळ तीन दुकानांत विचारला. एकाने "कुठल्या जमान्यातलं आणताय साहेब?" म्हणून चहा पाजला, पण माल नव्हता. शेवटी ऑनलाइन मागवला. टीआर५ही बदलून टाकला, एक गेल्यावर दुसऱ्याचा भरवसा कोण धरणार. कॉइल सुदैवाने शाबूत होती.

व्होल्टेज परत आली, पण पडद्यावर अजून कचराच. आठही चिप्सवर बोट फिरवलं. सात कोमट आणि एक अशी की बोट झटकन मागे. ती पाय कापूनच काढली. जुन्या बोर्डवर अख्खी चिप वाचवायला गेलं की ट्रॅक उचलतात. जागी सॉकेट, सॉकेटात दुसरी ४११६, आणि खाली कॉपीराइटची ओळ. घरात कोणालाच त्याचं काही वाटलं नाही.

आता विस्ताराचं. मन इंटरफेस १ आणि मायक्रोड्राइव्हकडे (छोट्या टेपच्या कार्ट्रिजवर फाइली ठेवणारी सिंक्लेअरची जोडी) ओढ घेत होतं. तो काळा चौकोनी डबा दिसतो फार देखणा. पण कार्ट्रिजमधली टेप जुनी, आतला फेल्टचा तुकडा पार भुगा झालेला. शिवाय डिव्हएमएमसीबरोबर (एसडी कार्डावरून खेळ चढवणारा बोर्ड) त्याचं पटत नाही: मेमरीतला पत्ता ८ आला की दोघंही आपापली रॉम, म्हणजे कायमच्या प्रोग्रामची मेमरी, पुढे सरकवायला बघतात. दोन्ही हवं म्हटलं तर आळीपाळीनेच. मी डिव्हएमएमसी घेतलं. एसडी कार्डावर टेपच्या फाइली टाकायच्या, मागचं एनएमआय बटण (चालू काम थांबवून यादी उघडणारं) दाबायचं, यादीतून निवडायचं. कॅसेटवर पाचेक मिनिटं किंचाळत चढणारा खेळ बटण सोडेपर्यंत तयार. माझ्या डिव्हएमएमसीवर केम्प्स्टन पद्धतीच्या जॉयस्टिकचं पोर्टही आहे, त्यामुळे तो अपशकुनी इंटरफेस पेटीत गेला. कॅसेटच्या किंचाळण्याची मात्र आठवण येते, खोटं कशाला बोलू.

एवाय या आवाजाच्या चिपची पेटी सध्या थांबवली आहे. मागे लावाल ते सगळं त्याच पाच व्होल्टवर जगतं आणि ७८०५ आधीच तापतो. त्या जागी कमी तापणारा स्विचिंग रेग्युलेटर बसवला की मग बघू. कोणी बसवला असेल तर टीव्हीवर जाळी उमटते का, तेवढं सांगा.

स्पेक्ट्रमला चालू-बंदचं बटणच नाही. वीज तोडायची म्हणजे पिन उपसायची, म्हणून तर आळस होतो. डिव्हएमएमसी लावायच्या आधी वायरीत एक साधा स्विच टाकला.