दोन रुपयांच्या ट्रान्झिस्टरला चार वेळा मीटर का लावतो?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा गावी माझं इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचं दुकान आहे. तिथे येणारं गिऱ्हाईक असो की शिकायला आलेलं पोरगं, प्रश्न एकच: "काका, दोन रुपयांचा ट्रान्झिस्टर, त्याला चार-चार वेळा मीटर काय लावता?"

आधी मी मल्टिमीटर लावत नव्हतो. पोरांना सांगायचो, ट्रान्झिस्टर म्हणजे ठिबकचा कॉक. त्याला तीन पाय: बेस, कलेक्टर, इमिटर. बेस ही त्याची मूठ. बेसला जरासा करंट दिला की कलेक्टर-इमिटरमधून त्याच्या शंभर-दोनशे पट वाहतो. सिलिकॉन असेल तर बेस-इमिटरमध्ये ०.६ ते ०.७ व्होल्ट हवेत, त्याखाली बंद. जाती दोन, एनपीएन आणि पीएनपी: एनपीएनचा बेस इमिटरच्या वर उचलायचा, पीएनपीचा खाली ओढायचा. मॉस्फेट हा वेगळ्या प्रकारचा ट्रान्झिस्टर, त्याच्या गेटला, म्हणजे मुठीला, करंट धरून ठेवावा लागत नाही, व्होल्टेजवर भागतं. यातलं बाकी सगळं आजही तसंच सांगतो. कॉक मात्र सांगत नाही. कॉक उलटा बसवला तरी पाणी तसंच अडवतो.

मे महिना होता. पारा ४५ च्या आसपास, थ्री फेजची पाळी रात्रीची. एक आबा पाण्याच्या मोटरचा ऑटो घेऊन आले. लाइट आली की मोटर चालू करायची आणि एक फेज गेला की बंद, एवढंच त्याचं काम. त्यातल्या रिलेला, म्हणजे करंटवर ओढल्या जाणाऱ्या स्विचला, चालवणारा बीसी ५४७ ट्रान्झिस्टर उडाला होता. दुकानात तो संपलेला, म्हणून २एन ३९०४ लावला. दोन्ही एनपीएन, दोन्ही काळे, चपट्या तोंडाचे. जुन्याचं तोंड जिकडे, तिकडेच नव्याचं केलं. चपटी बाजू समोर धरली तर ५४७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, इमिटर. ३९०४ चे इमिटर, बेस, कलेक्टर. हे मला माहीत नव्हतं असं नाही. बघितलं नाही.

सप्लाय दिला, रिले 'टक' वाजला. आबांनी पैसे दिले, मी घेतले.

उलटा बसलेला ट्रान्झिस्टरही थोडाफार चालतो, घात तिथेच होतो. गेन, म्हणजे करंट किती पट होतो ते, पार घसरतं, पण बेसला भरपूर करंट असेल तर रिले ओढला जातो. आता बंद करायची वेळ. सरळ बसलेला ३९०४ बंद असताना ४० व्होल्ट अडवतो. इमिटरच्या सिलिकॉनमध्ये मुद्दाम घातलेली भेसळ दाट असते, त्यामुळे बेस-इमिटरचा जोड उलट्या दिशेने ६ व्होल्टपर्यंतच भरवशाचा. रिले १२ व्होल्टचा, आणि ट्रान्झिस्टर उलटा, म्हणून बंद करताना ते व्होल्टेज याच जोडावर आलं. बेसचा करंट गेला तरी तो जोड फुटून थोडा करंट वाहत राहिला. तेवढ्यावर रिले नव्याने ओढला जात नाही, पण ओढलेला सुटतही नाही.

तिसऱ्या रात्री एक फेज गेला. ऑटोने मोटर सोडली नाही.

सकाळी आबा दारात उभे. "भाऊ, मोटर जळी गयी." आवाज चढवला नाही. केळीची बाग निसवणीला, म्हणजे घड बाहेर पडायला, आलेली. मोटर वर काढून रिवाइंडिंग होईपर्यंत चार दिवस गेले. मी बागेत जाऊन आलो. पानं देठापासून लोंबत होती, ठिबकच्या नळीखालची माती भेगाळली होती.

तेव्हा मी सगळ्यांना सांगत सुटलो की स्टार्टरचा ओव्हरलोड, म्हणजे करंट जास्त झाला की मोटर तोडणारा भाग, आबांनीच डायरेक्ट केलेला, म्हणजे वगळून टाकलेला, तो जागेवर असता तर मोटर वाचली असती. ते खोटं नाही, वाचली असती. पण असे डायरेक्ट केलेले स्टार्टर मी रोज बघतो. एक फेज काढून बघायला मला दोन मिनिटं लागली असती. रिवाइंडिंगचे अर्धे पैसे मी दिले. अर्धेच का, हे मला अजून नीट सांगता येत नाही. पूर्ण दिले असते तर ओव्हरलोडचं काय, असं एक मन म्हणतं. दुसऱ्याला ती पानं दिसतात.

म्हणून मीटर डायोडच्या खुणेवर ठेवून लाल पिन बेसला, काळी आधी एका पायाला, मग दुसऱ्याला. ज्या पायावर आकडा किंचित जास्त, तो इमिटर. पीएनपी असेल तर पिना उलट. मग पिना बदलून दोन्हीकडे काहीच दाखवत नाही ना, ते बघायचं. झाले चार वेळा. वेळ जातो, मान्य. रांगेतली माणसं कुरकुरतात, तेही मान्य.

आबा अजून ऑटो माझ्याकडेच आणतात. एक फेज काढून रिले सुटलेला दाखवेपर्यंत काउंटरपासून हलत नाहीत.